गोधडीच्या आतले थर



परवाच महाशिवरात्र झाली. आपल्याकडे म्हणतात की या दिवशी थंडी 'शिव शिव' करत निघून जाते. किनवटमध्ये ती इतक्या सहज जात नाही, पहाटे पैनगंगेकडून गार वारा येतोच. पण दुपारचं ऊन बदललेलं असतं. सागाची पानं गळून रस्त्यावर वाजायला लागतात, मांडवीच्या रस्त्याला पळस पेटलेला दिसतो, आणि गावात कुंपणांवर, गच्च्यांवर, बैलगाडीच्या धुऱ्यांवर गोधड्या वाळत पडलेल्या दिसतात. होळी जळाली की थंडी पळाली. तोवरचे हे पंधरा दिवस गोधडीचे दिवस आहेत. तीन महिने अंगावर राबलेली गोधडी या दिवसांत उन्हात येते, तिची भोकं दिसतात आणि सुई-दोरा निघतो.

आज आम्ही तिच्यावरच बोलणार आहोत. इतिहासावरच्या व्याख्यानाला वक्ता काखोटीला गोधडी मारून आला, याचं आपल्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. ती इथं टेबलावर पसरली आहे. आमच्या मायची आहे. तिला किमान साठ वर्षं झाली. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, कागद वाचले, पोथ्या चाळल्या. पण घरात पडलेला हा दस्तऐवज वाचायला आम्हाला सत्तरी ओलांडावी लागली. ती चूक कशी झाली, तेही आज सांगायचं आहे.

आधी वस्तू नीट बघू. तिला कोणी गोधडी म्हणतं, कोणी वाकळ. तान्ह्या बाळाचं असेल तर दुपटं, चार पदरांची असेल तर चौघडी. नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. त्याचे चार सारखे तुकडे केले तर एकेक तुकडा दोन मीटरचा होतो. दोन तुकडे शेजारी जोडले की वरची बाजू तयार, उरलेले दोन जोडले की खालची. मधे काय घालायचं? जुनं धोतर, फाटका सदरा, मुलींची परकरं, चिंध्या. हे सगळं सपाट अंथरायचं, सुरकुती राहू द्यायची नाही, आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर एकमेकांना धरून ठेवायचे. मग काठापासून धावदोरा सुरू करायचा. चारी बाजूंनी फिरत फिरत, एकेक बोट अंतर ठेवून, आत आत जात मध्यावर संपायचं. दोघी-तिघी असतील तर एकेकीने एकेक बाजू घ्यायची. बोटाला अंगुस्तान असलं तर ठीक, नसलं तर बोटालाच घट्टा पडतो.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्यात कापूस कुठंच आला नाही.

हा आमचा मुलूख कापसाचा. काळी जमीन, पावसावरची शेती, दिवाळीपासून माघापर्यंत चालणारी वेचणी. इथला गावरानी कापूस एकेकाळी नावाजलेला होता. नांदेडला कापूस संशोधन केंद्र आहे, आणि तिथून निघालेलं नांदेड-४४ हे वाण आपल्यातल्या जुन्या शेतकऱ्यांनी लावलेलंही असेल. गादी आणि रजई कापसाची असते, तो पिंजून द्यायला पिंजारी येतो. पण गोधडी, जी गरिबाच्या घरात असते, ती बहुतेक कापडावर कापड ठेवूनच होते. ज्यांनी कापूस वेचला त्यांच्या पांघरुणात कापूस नव्हता. का? तर कापूस हे विकायचं पीक होतं. सावकाराचं देणं, सरकारचा सारा, मुलीचं लग्न, सगळं त्याच्यावर. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि पैनगंगेपलीकडच्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. पुढं विसाव्या शतकाच्या तोंडाशी मनमाड-सिकंदराबाद रेल्वे नांदेडवरून गेली. नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली. गठ्ठे बांधून कापूस गेला तो गेलाच. परत आलं ते कापड, तेही विकत घेऊन. ते कापड अंगावर विरलं की मग त्याची गोधडी. म्हणून आम्ही म्हणतो, गोधडी ही शेतकऱ्याच्या घरातली जमाखर्चाची वही आहे. काय बाहेर गेलं ते सरकारी दप्तरात सापडतं. घरात काय उरलं ते मात्र हिच्यात सापडतं.

आमची माय म्हणायची, "फेकायचं नसतं रे बाबा काही. अंगावरून उतरलं की अंगाखाली घ्यायचं."

आता थोडं मागे जाऊ. चिंध्या जोडून वस्त्र करणं ही गोष्ट आपल्याकडे गरजेची होती, तशीच मोठ्या विचाराचीही होती. पाली विनयपिटकातल्या महावग्गात चीवरांवर एक सबंध खंधक आहे. भगवान बुद्ध मगध देशातून चालले होते. वाटेत त्यांना शेतं दिसली, बांधांनी आखलेली, चौकोन चौकोन जोडलेली. त्यांनी आनंदाला विचारलं, भिक्षूंसाठी अशी चीवरं करता येतील का? आनंदाने तुकडे कापून, जोडून तशी चीवरं केली. आजही भिक्षूंचं चीवर त्याच आखणीचं असतं. यात एक व्यवहारही होता. अखंड कापडाला किंमत असते, त्याच्यावर कोणाचाही डोळा जातो. कापून जोडलेल्या कापडाचा लोभ कोण धरणार? आणि वर्षावास संपल्यावर, आश्विन पौर्णिमा ते कार्तिक पौर्णिमा या महिन्यात कठिन चीवराचा विधी असतो. मिळालेलं कापड संघाने मिळून एका दिवसात कापायचं, शिवायचं, रंगवायचं. म्हणजे थंडी तोंडावर आली असताना सगळ्यांनी एकत्र बसून शिवायचं. नांदेड-लातूरकडच्या आमच्या अनेक श्रोत्यांच्या घरांना १९५६ नंतर हा वारसा पुन्हा जवळचा झाला आहे. त्यांनी चीवर आणि आजीची गोधडी शेजारी शेजारी ठेवून बघावीत.

संस्कृतात या वस्त्राला कंथा म्हणतात. आचार्यांच्या नावावर असलेल्या चर्पटपंजरिका स्तोत्रात रस्त्यावरच्या चिंध्यांची कंथा पांघरलेला योगी येतो. नाथपंथी जोग्यांच्या वेषात कंथा असते. इथून जवळच माहूर आहे, दत्ताचं आणि रेणुकेचं. त्या गडावर शतकानुशतकं कंथा पांघरलेले जोगी चढले-उतरले आहेत. बंगालमध्ये हाच शब्द 'कांथा' होऊन राहिला, तिथल्या बायकांनी जुन्या साड्यांच्या थरांवर धावदोऱ्याने चित्रं काढली.

आणि आपल्याच मराठवाड्यातला शिंपी घ्या. संत नामदेव, १२७० ते १३५०. परंपरेने त्यांचं गाव हिंगोलीजवळचं नरसी. गज, कात्री, सुई, दोरा हा त्यांच्या घरचा धंदा. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. त्यांतल्या एका पदात मोजणं, कापणं, शिवणं ही शिंप्याची कामंच नामस्मरणाची रूपं होऊन येतात. आता योग बघा. १७०८ साली गुरू गोविंदसिंग नांदेडला आले, इथंच त्यांनी देह ठेवला आणि आपल्यामागे ग्रंथालाच गुरुपद दिलं. म्हणजे नरसीच्या शिंप्याची सुई पंजाबात गेली आणि चारशे वर्षांनी ग्रंथात बसून गोदावरीकाठी परत आली. नरसी ते नांदेड हे अंतर आज एसटीने दोन-तीन तासांचंही नाही.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. गाडगेबाबा. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, म्हणजे हेच थंडी सरायचे दिवस. गाव वऱ्हाडातलं शेंडगाव. अंगावर चिंध्यांचं वस्त्र, हातात खराटा आणि मडक्याचं गाडगं. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभ्या केल्या, अंगावरची चिंधी मात्र बदलली नाही.

पण इथं सावध राहिलं पाहिजे. चीवर, कंथा, गाडगेबाबांची गोधडी ही निवडलेली गरिबी आहे. आमच्या मायने काही निवडलेलं नव्हतं. तिच्याकडे दोन लुगडी होती, एक अंगावर आणि एक वाळत. तिसरं आलं की पहिलं गोधडीत जायचं. या दोन्ही गोष्टी एकाच सुताने शिवलेल्या असल्या तरी त्या एक नाहीत. संतांच्या कंथेवर ग्रंथ आहेत. बायकांच्या गोधडीवर ग्रंथ नाहीत, कारण ती वापरून संपते. जुनी झाली की पायपुसणं, मग चुलीवरचं भांडं उतरवायचं फडकं, मग राख. ज्या वस्तू जपून ठेवतात त्यांचा इतिहास होतो. ज्या वापरून संपवतात त्यांचा होत नाही.

आपल्या किनवटमध्ये दुसरीही एक शिवणाची परंपरा आहे, ती तांड्यांवरची. गोरमाटी बायकांची फेटिया, कांचळी, टुकरी आपण बाजारात पाहतो. रंगीत तुकड्यांवर तुकडे, काचा, कवड्या, कधी जुनी नाणी, आणि बारीक टाके. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण हे शिवण मुळात कुठं झालं ते लक्षात घ्या. बंजारा समाज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत असे. त्या लदेणीच्या मुक्कामावर, चालता चालता हे टाके पडले. घर नाही, भिंत नाही, तेव्हा जे काही सुंदर करायचं ते अंगावर बाळगता येईल असंच करायचं. मग रेल्वे आली, लदेणी बुडाली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का पुढं अनेक ठिकाणी त्यांच्याही कपाळी बसला. तो शिक्का पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. या ऐंशी वर्षांत त्या बायकांनी सुई खाली ठेवली नाही. त्यांच्या फेटियावर लावलेलं नाणं कोणत्या राजवटीचं आहे, हे एकदा नीट बघायला हवं. तेही एक दप्तरच आहे.

किनवटबद्दल बोलताना एक मोह नेहमी होतो. इथं मराठी आहे, गोंडी आहे, कोलामी आहे, गोरमाटी आहे, तेलुगू आहे, दख्खनी आहे. मग व्याख्याता हमखास म्हणतो, किनवट म्हणजे एक गोधडीच! आम्हीही हे वाक्य चार-पाच समारंभांत टाळ्या घेऊन म्हटलं आहे. आता म्हणवत नाही. कारण ज्यांनी गोधडी शिवली त्यांना माहीत असतं की तुकडे शेजारी शेजारी पडले म्हणजे गोधडी होत नाही. कोणीतरी आठवडे-आठवडे बसून, पाठ मोडून, डोळे फोडून ती जोडावी लागते. तुकड्यांचं कौतुक सगळे करतात, टाक्यांचं कोणी करत नाही.

आता आमच्या घरचं सांगतो.

बापाची सात एकर जमीन, कापूस आणि ज्वारी. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांची दहशत वाढली तेव्हा आमचे आई-वडील रात्री पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेले. नदीचं पात्र तेव्हा निझामाची हद्द आणि हिंदुस्थानची हद्द यांच्यामधली रेघ होतं. माय सांगायची, डोक्यावर गाठोडं होतं आणि गाठोडं बांधायला गोधडी होती. भांडी मागे राहिली, गोधडी आली. सप्टेंबरात हैदराबाद संस्थान मुक्त झालं आणि ते परत आले. आम्ही त्यानंतर जन्मलो. तेव्हा किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते नांदेडला जोडलं गेलं. आमची शाळा सुरू झाली एका जिल्ह्यात आणि पाटी भरली दुसऱ्या जिल्ह्यात.

शिक्षणासाठी औरंगाबादला गेलो. वळकटीत ही गोधडी. तेव्हा ती नवी होती. वर हिरव्या लुगड्याचे तुकडे, काठ लाल. वसतिगृहातल्या खोलीत बाकीच्यांच्या गाद्या होत्या, विकतच्या चादरी होत्या. कोणी आम्हाला एका शब्दाने बोललं नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. लाज आमची आम्हालाच वाटली. गोधडीला चुलीच्या धुराचा वास होता. पहिल्या महिन्यात पैसे वाचवून एक सोलापुरी चादर घेतली आणि गोधडी पेटीखाली ढकलली. डिसेंबरच्या थंडीत दिवा गेल्यावर ती काढायची, पांघरायची आणि उजाडायच्या आत परत ढकलायची. तीन हिवाळे असे काढले.

पुढं १९७२ चा दुष्काळ आला. माय आणि बाप खडी फोडायला जात होते. आम्ही सुट्टीत आलो तेव्हा गोधडीला मधोमध भोक पडलं होतं. घरात जुनं लुगडं शिल्लक नव्हतं, सगळी अंगावरच होती. माय म्हणाली, "ठेव, बघते." दुष्काळात मदतीचं धान्य यायचं, त्यातल्या एका पिशवीचं जाडंभरडं कापड तिने लावलं. वरून निळ्या सदऱ्याचं ठिगळ. तो सदरा आमचाच, मॅट्रिकच्या परीक्षेला घातलेला.

आता तत्त्वज्ञानाकडे येऊ. आमचा तो धंदा होता. बीएच्या वर्गाला आम्ही एक कोडं तीसेक वर्षं शिकवलं. प्लूटार्कने सांगितलेलं थिसियसचं जहाज. अथेन्सच्या लोकांनी ते जपून ठेवलं, कुजलेली फळी काढायची आणि नवी बसवायची. असं करता करता सगळ्या फळ्या बदलल्या. मग ते तेच जहाज का? त्याला जोडून मिलिंदप्रश्नातला रथ शिकवायचो. नागसेन राजाला विचारतो, आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? सुटे अवयव म्हणजे रथ नव्हे, आणि त्यांच्यावाचून वेगळा रथ कुठं दाखवताही येत नाही. रथ हे नुसतं नाव आहे. मुलं वही उघडून लिहून घ्यायची, परीक्षेत दहा गुणांना प्रश्न यायचा.

निवृत्तीनंतर मायच्या पेटीतून ही गोधडी निघाली. माय जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. हिरवं लुगडं इतकं विरलं होतं की बोट लावलं की सूत सुटायचं. आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, ठेवायची असेल तर पेटीत ठेवा. वापरायची असेल तर ठिगळ लावावं लागेल. दोन्ही होणार नाही." दहा गुणांचा प्रश्न घरात येऊन बसला. ठिगळ लावलं तर मायचं लुगडं झाकणार. न लावलं तर गोधडी मरणार. आम्ही एक सबंध हिवाळा काही ठरवलं नाही.

ठरवलं ते शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी. याच दिवसांत, शिवरात्रीनंतर, आम्ही ती उन्हात टाकली होती. त्या कुंपणाशी उभ्या राहिल्या, कोपरा उचलला, एक टाका उसवून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, हिच्या आत तर दुसरीच गोधडी हाय की."

खरंच होती. आत मायने जुनी गोधडी तशीच घातली होती. किडक्या भागावर नवे तुकडे, आणि सगळ्यावर हिरवं लुगडं. आतल्या कापडाचा रंग गेला होता, पण काठ ओळखू येत होता. घरात ज्या गोधडीचं नाव निघायचं, नदी ओलांडून आलेली, ती हीच असावी असं आम्हाला वाटतं. पुरावा मागाल तर तो नाही. माय गेली आणि विचारायचं राहून गेलं. आम्ही त्याच गोधडीखाली औरंगाबादला तीन हिवाळे निजलो आणि उजाडायच्या आत ती लपवत राहिलो.

त्या दिवशी आम्हाला आमच्याच धड्यातली एक गफलत कळली. जहाजातली जुनी फळी काढून टाकावी लागते, तेव्हाच नवी बसते. म्हणून तिथं प्रश्न पडतो की जुनं जहाज गेलं कुठं? गोधडीतलं जुनं कोणी काढत नाही. विरलेल्यावर नवं चढतं आणि जुनं आत राहतं, तेही ऊब देतं. गोधडी दर दुरुस्तीला जाड होत जाते, जड होत जाते. जुनं दिसेनासं होतं, पण जात नाही. ती तीच आहे का, हा प्रश्न तिथं पडतच नाही. तिच्या आत काय काय आहे, एवढाच प्रश्न पडतो. आणि हा प्रश्न इतिहासाचा आहे. नांदेडच्या खाली आदिलाबाद, त्याच्याखाली निझाम, त्याच्याखाली आणखी काही. वरच्या कापडावरून गावाची पारख करणाऱ्याने एक टाका उसवून आत बघायला हवं.

मग आम्ही ठिगळ लावायचं ठरवलं. कापड सौ.च्या एका जुन्या इरकली लुगड्याचं. शिवायलाही आम्हीच बसलो, दोघं समोरासमोर, अंगणात, सकाळी दहाच्या उन्हात. पहिला आठवडा सुईत दोरा ओवण्यातच गेला म्हणा. आमचे टाके पाहून त्या शेजारच्या बाई हसल्या, "मुंगी वाट चुकली जणू." उसवले, पुन्हा घातले. मायचे टाके मोजून पाहिले, एका बोटाच्या लांबीत पाच. आमचे तीन. अजूनही चारच्या वर जात नाहीत. पण या कामात एक सुख आहे, ते पुस्तकात आम्हाला कधी मिळालं नव्हतं. हात चालू असले की बोलणंही वेगळं होतं. सौ.नी लग्नानंतर पन्नास वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते त्या एका फाल्गुनात सांगितलं. समोर बघायचं नसतं, टाक्याकडे बघायचं असतं, म्हणून माणूस बोलतं. गोधडीभोवती बसलेल्या बायका पिढ्यान् पिढ्या काय बोलत आल्या असतील, याचा थोडा अंदाज आला. तेव्हापासून दर वर्षी हे पंधरा दिवस आमचे शिवणाचे. नातीसाठी दुपटं झालं, दोन चौघड्या झाल्या.

शेवटी आजचं बोलू. गोधडी कमी का झाली? कारण कापडच बदललं. टेरिकॉट आणि पॉलिस्टरच्या साड्या आल्या. त्या फाटत नाहीत, घाम शोषत नाहीत, थरावर थर ठेवला तर सरकतात. बाजारात रंगीत मऊ ब्लँकेट स्वस्तात मिळतं. ज्या बाईची पाठ वाचली तिला आपण नावं ठेवू नयेत. आमच्या मायला असं ब्लँकेट मिळालं असतं तर ती आनंदाने निजली असती.

दुसऱ्या बाजूला गोधडी शहरात प्रतिष्ठित होते आहे. प्रदर्शनात भिंतीवर लागते. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं गाव आहे, मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्यांच्या वंशजांचं. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात घालायच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, थंडीसाठी. २००२ साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, २००६ साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. बायकांची नावं जगाला कळली, ही मोठी गोष्ट. पण पुढं पैशांवरून आणि हक्कांवरून भांडण कोर्टात गेलं. आपल्याकडे गोधडीला भाव येत असेल तर हे आधीच लक्षात ठेवावं. गोधडीवर शिवणारीचं नाव हवं, आणि किमतीतला तिचा वाटा कागदावर हवा. नाहीतर कापसाचं झालं तेच टाक्यांचं होईल. माल बाहेर जाईल आणि जिने राबून केला तिच्या घरी चिंधी उरेल.

आपल्याला एक काम सांगतो आणि थांबतो. होळीला अजून अवकाश आहे. घरातली जुनी गोधडी बाहेर काढा, अंगणात पसरा. आई असेल, आजी असेल, मोठी जाऊ असेल, तिला शेजारी बसवा आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारा, हे कोणाचं लुगडं? कोणत्या साली घेतलं? कोण गेलं तेव्हा हे गोधडीत आलं? वहीत लिहून ठेवा, तारीख घाला, तिचं नाव घाला. हे काम आम्ही आमच्या मायजवळ केलं नाही. आम्हाला आमच्या गोधडीतले सात तुकडे ओळखू येतात. बाकीचे तीसएक कोणाचे, ते सांगणारं आता कोणी नाही.

व्याख्यान संपल्यावर ज्यांना बघायची असेल त्यांनी पुढं या. हात लावायला हरकत नाही, लावण्यासाठीच आणली आहे. आणि येताना कोणाकडे जाड दोरा असेल तर बरं होईल. डाव्या बाजूचा एक काठ परवाच पुन्हा उसवला आहे.